स्टॅनीच्या हातातली बंदूक

सालोमीने सांगितले तेव्हा शत्रू तीनच होते. पण भुईगावची जमीन अशी, की थाप पेरली तर केळीच्या आधी तिला घड लागतो.

एकाहत्तरच्या लढाईत तिचा थोरला भाऊ स्टॅनी गेला. पलटणीच्या बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवायचा, आणि लढाई लागली की बँडवाले जखमींची स्ट्रेचर उचलतात. तसाच उचलताना गेला, असं पलटणीच्या पत्रात होतं. विहिरीवर मात्र कुणीतरी म्हणालं, "पिपाणी फुंकणारा, तो कसला सोल्जर?" सतरा वर्षांच्या सालोमीने कळशी खाली ठेवली. "तीन मारले त्याने. मग गेला."

ईस्टरपर्यंत तिनाचे सात झाले. पुढे एक रणगाडा आला. विमान अलीकडचं, ते म्हणे स्टॅनीने इतकं अलगद पाडलं, की पायलटच्या कपातला चहा हिंदकळला नाही.

आता गाव नाक्यावर त्याचा पुतळा बसवणार होतं, बंदूकधारी. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की अनावरण. आणि सत्तरी ओलांडलेल्या सालोमीला चार दिवस एका जागी बसवत नव्हतं. वाल सोलायला घ्यायची, उठायची. भात चुलीवर ठेवून क्रुसापर्यंत जाऊन यायची. पिंजऱ्यातला उंदीरसुद्धा सोडून देणारा भाऊ, आता ऊनपावसात कायमचा कुणावर तरी बंदूक रोखून राहणार होता. तिच्यामुळे.

गुरुवारी ती पुतळा कमिटीच्या एकनाथकडे गेली.

"एकनाथ, ती बंदूक काढ."

"बाय, मग काय देऊ हातात? छत्री?"

"स्ट्रेचर उचलायचा तो. मी खोटं बोलले होते."

"म्हणजे रणगाडा नव्हता?"

"रणगाडा मी नाही आणला. तुझ्या बापाने आणला."

एकनाथ गंभीर झाला. "पोरं भरतीला जायची म्हणतायत त्याच्याकडे बघून. जखमी उचलणाऱ्याकडे बघून कोण जाईल?"

"जो जखमी होऊन पडलाय त्याला विचार."

"बघू," एकनाथ म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

सालोमीने तिथूनच रिक्षा केली ती थेट तुळिंजला, मूर्तिकार प्रितेशच्या कारखान्यात. तिने पुढे केलेलं पलटणीचं पत्र त्याने दोनदा वाचलं.

"आजी, बंदूक नुसती बोल्टवर आहे. पण काढली तरी मुठी आवळलेल्याच राहणार."

"राहू देत. स्ट्रेचरलाही मूठच लागते."

"कमिटीला काय सांगू?"

"मी सांगेन."

बंदूक गोणपाटात गुंडाळून तिने घरी आणली. नळी बाहेर डोकावत होती; वाटेत एका हवालदाराने उठून सलाम ठोकला म्हणतात.

रविवारी पडदा सरकला. रिकाम्या मुठींचा स्टॅनी दिसला आणि बँड अर्ध्या सुरात थांबला. एकनाथ उठायच्या आत सालोमी माइकपाशी पोचली. पत्र वाचलं. विहिरीवरची थापही सांगितली, सगळ्यांसमोर. पुढच्या रांगेतला म्हातारा आलोशियस डोळे पुसत तिच्याजवळ आला.

"बरं झालं बोललीस, सालोमी. मला आधीपासून वाटायचं, त्याला बंदूक कशाला लागतेय? नुसत्या हातांनी गळे आवळले असतील."

दुपारच्या जेवणापर्यंत आवळलेले गळे नऊ झाले होते.

तेव्हापासून सालोमी पत्राला प्लास्टिकचं वेष्टण घालून रोज नाक्यावर जाते. जो थांबेल त्याला वाचून दाखवते. बहुतेक जण मान डोलावतात आणि मुठींचा फोटो काढतात. परवा मात्र बोळिंजहून किनाऱ्यावर फिरायला आलेली स्टेफी नावाची एक मुलगी स्कूटर बंद करून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मग त्याने उचललेले वाचले का?" तिने विचारलं.

पन्नासहून जास्त वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सालोमीनेही नाही. तिने पत्र पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

आणि चप्पल ओढत तशीच एकनाथच्या घराकडे निघाली. पलटणीला पत्र लिहायचं होतं. अक्षर त्याचं चांगलं.