कोंडूच्या बैठकीवरचा त्रिशूळ

शिळपाड्यात सकाळपासून रांग लागली होती आणि रांगेच्या टोकाला कोंडू पालथा पडला होता.

डोळखांबच्या वाटेवरच्या या गावानं याआधी रांग पाहिली ती रॉकेलची. आता मुरबाडहून जीप भरभरून माणसं उतरत होती. ओटीवर खाट, खाटेवर कोंडू, कोंडूवर पांढरी चादर आणि चादरीच्या मध्यावर कात्रीनं कापलेली चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून कोंडूच्या डाव्या कुल्ल्यावर प्रकटलेल्या स्वयंभू त्रिशूळाचं दर्शन घ्यायचं. पुरुषांनी जवळून, बायकांनी लांबूनच चादरीला हात जोडून. लाजलज्जेची ही व्यवस्था चक्रानंद महाराजांनी स्वतः जातीनं लावून दिली होती.

कोंडूला मात्र तो चमत्कार दिसत नव्हता. देवानं जागाच तशी निवडली होती. त्याला दिसायचे ते फक्त पाय. भेगाळलेले पाय, चिखलाचे पाय, मघाशी तर चक्क पॉलिशचे बूट. भातसानगरच्या धरणावरचे कुणी साहेब असावेत. पाय थांबत, वरून "अहाहा!" असा आवाज येई आणि पाय पुढे सरकत.

"काय ठसठशीत उमटलाय रे!"

"मधला दात जरा सुजलाय."

"सुजला नाय, फुललाय. नीट बोल. देवाचं काम हाय."

गणपती दूध प्यायला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. त्यामुळे देव काय करील आणि काय करणार नाही याबद्दल तालुक्यात कुणी पैज लावत नसे.

झालं होतं असं. गावातल्या मित्रमंडळानं सायकलवरून शिर्डीला जायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष प्रणय. त्यानं मुरबाडच्या चक्रानंद महाराजांना सायकली पूजायला बोलावलं. महाराजांनी प्रत्येक सीटवर भगव्या मखमलीचं मंतरलेलं कव्हर चढवलं आणि सांगितलं, "हे सीट नव्हे, आसन आहे. ज्याचा भाव खरा, त्याला आसन खूण देईल."

कोंडूचा भाव नेहमीच खरा असे. लग्नाला बारा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, म्हणून त्यानं वर स्वतःचा नवसही जोडला: कसाऱ्याचा घाट असो की घोटीचा चढ, सीटवरून बूड उचलायचं नाही आणि परत घरी येईपर्यंत चड्डी बदलायची नाही. नवसाची चड्डी नायलॉनची होती. सिन्नर येईतो कोंडूला खूण मिळायला लागली. शिर्डीत त्याला बसवेना. परतीत उभं राहवेना, पण नवस होता, म्हणून तो बसलाच. शेवटी वाटेतच कोसळला आणि घरी आला तो टेम्पोत, आडवा. गिरजानं, त्याच्या बायकोनं, चड्डी सोडवली आणि किंचाळली. तीन लाल रेघा, खाली एक दांडा आणि मधोमध टपोरा फोड.

"अवो, हा तर तिरसूळ!"

एवढं बोलल्याचा गिरजाला आता पश्चात्ताप होत होता. कारण तासाभरात गाव जमलं, आणि संध्याकाळी महाराजांची सुमो.

महाराजांनी खिडकीतून डोकावून डोळे मिटले. "हा फोड नव्हे, फुललेला भाव आहे. हा पू नव्हे, पुण्य पाझरतंय. पाणी लावू नका, साबण लावू नका, डॉक्टर तर दारातही आणू नका. औषध लागलं की त्रिशूळ उलटा फिरतो आणि आत शिरतो!" असं म्हणून त्यांनी धुनीतली मूठभर राख जखमेवर दाबली. कोंडू असा ओरडला की मागच्या रांगेतल्यांना वाटलं, अंगात आलं.

कोंडूला पहिले दोन दिवस बरं वाटलं. म्हणजे दुखत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याच्यासाठी थांबत होते. तिसऱ्या दिवशी ताप चढला. पायांच्या जोड्या दुप्पट दिसायला लागल्या. मांडीपर्यंत लाली उतरली.

"पाहा," महाराज म्हणाले, "त्रिशूळ वाढतोय. आता डमरूही येईल."

गिरजा उठली. घागर घेऊन पाण्याला निघाल्यासारखी निघाली, ती घागर विहिरीवर ठेवून थेट सरकारी दवाखान्यात गेली आणि डॉक्टर भाग्यश्रीबाईंना घेऊनच आली. बाई नव्या होत्या, पण आवाज मुरलेल्या डॉक्टरचा होता.

"बाजूला व्हा." कोंडूला दोन चपला दिसल्या, त्या पुढे सरकल्या नाहीत. "अगं, किती दिवस झाले याला?"

"चार झालं, मॅडम. राख लावलीय."

"दिसतंय. हे विष रक्तात उतरलं तर माणूस हाती लागणार नाही. आत्ता फोड मोकळा करायला हवा. उचला."

कुणी उचलेना. सकुबाई म्हातारी पुढे झाली. "डाक्टरीणबाय, तिरसूळ आत शिरंल ना गो! महाराज बोललेत."

"आजी, त्रिशूळ आला कुठून ते आधी बघू या का? गिरजा वाटेत सांगत होती ते सीटवरचं कव्हर कुठाय?"

कव्हर पाटावर होतं. त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. बाईंनी ते सरळ उचललं, तशी रांगेतून एक मोठी 'हां!' निघाली. बाईंनी बोटांनी चाचपलं आणि प्रणयकडे वळल्या. "तुम्हीपण गेला होतात ना? तुमच्यावर काय उमटलं?"

प्रणयनं जमिनीकडे पाहिलं. "आमी कव्हरं घाटातच काढली. टोचत व्हती. आमाला नुसती सालटी निघाली, सादी."

"सगळ्यांनी काढली?"

"कोंडूदादा सोडून सगळ्यांनी."

"भाव कमी पडला!" महाराज गरजले.

"गिरजा, पीठ आहे मळलेलं?"

गिरजानं भाकरीच्या उकडीची परात आणली. बाईंनी कव्हर त्यावर ठेवलं, तळहातानं दाबलं आणि उचललं. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र गोळ्यावर, डाव्या अंगाला, लखलखीत त्रिशूळ.

सगळी गर्दी परातीवर वाकली. मग महाराज म्हणाले, "बघा! पिठातसुद्धा!" आणि पुढच्या ओळीनं परातीला साष्टांग दंडवत घातला.

बाईंनी कपाळावर हात मारला. मग बॅगेतली कात्री काढून मखमलीची शिवण उसवली. आतून तांब्याच्या तारेचा वाकवलेला त्रिशूळ निघाला, दोऱ्यानं पक्का टाचलेला. त्यांनी तो कोंडूच्या नाकासमोर धरला. चार दिवसांत कोंडूला आपला चमत्कार पहिल्यांदाच दिसत होता. त्याच्या टोकाला हिरवा गंज होता आणि थोडं वाळलेलं रक्त.

"महाराजांचं गणित साधं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या कव्हरात तार. ज्याला टोचेल तो काढून टाकील, पण एक तरी भाबडा निघेल जो सोसत राहील. घाम, ओली चड्डी, घासणं. कातडी सोलली की तारेचा ठसा उमटणारच. खोटं वाटत असेल तर महाराजांनी याच आसनावर कसाऱ्यापर्यंत जाऊन यावं. सायकल आहेच."

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी सायकलीकडे पाहिलं.

"आमचं वाहन वेगळं असतं," ते म्हणाले आणि सुमोकडे चालू लागले. जाता जाता वळले. "कोंडू, औषध घेशील तर त्रिशूळ आत शिरेल, ध्यानात ठेव!"

ओटीवर कुणी हलेना. गिरजा खाटेशी खाली बसली, तेव्हा तिचा चेहरा कोंडूला दिसला. इतक्या पायांनंतरचा पहिला चेहरा. ती रडत नव्हती. ती नुसती बघत होती.

कोंडूनं मान उचलली. "आत शिरायचा तो कवाच शिरलाय. आता भायेर काढा. प्रणय, धर रे खाट."

फोड दवाखान्यात मोकळा झाला. जखम रोज धुवायची, कोरडी ठेवायची, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि भरेपर्यंत सायकलीला शिवायचं नाही, एवढंच डॉक्टरबाईंनी सांगितलं. पुढचे कित्येक दिवस कोंडू उभ्यानं जेवला. हळूहळू त्रिशूळाचा दांडा गेला, मग दात गेले आणि शेवटी कोंडूच्या बैठकीवर काही म्हणता काही उरलं नाही.

ओटीवर माणसं अजूनही अधूनमधून येत. मुरबाडचा एक म्हातारा तर हिरमुसून म्हणाला, "गेला? एवढा मोठा देव अंगावर आला आन् तुमी घालवला?"

"गेला," कोंडू म्हणाला. "संगती तापपण गेला. बसा. आता मलापण बसता येतंय."

मग त्यानं म्हाताऱ्याला सांगितलं ते पुढे तो सायकलवर लांब निघणाऱ्या प्रत्येकाला सांगत आला. सीट फार उंच नको, पुढचं टोक वर केलेलं नको. चड्डी सुती आणि रोज धुतलेली. कातडीला आधीच थोडं खोबरेल लावा. मधूनमधून पेडलवर उभं राहा, बुडाला वारा लागू द्या, चढाला उतरून चाला. देव काही मागच्या कॅरियरवर बसून मोजत नसतो. टोचायला लागलं तर थांबा आणि खाली काय आहे ते बघा. सालटं निघालं तर धुवा, सुकवा. पिकलं तर डॉक्टर गाठा.

"आन् तुमाला दिसत नसंल, तर घरच्या माणसाला बघायला सांगा," तो म्हणायचा. "ते जे बोलंल ते ऐका. गाव गोळा करू नका."