नकोशीची लेक

"विहीणबाई, तुमच्या आईनं असंच केलं असतं, तर तुमी आज हितं बसून चहा प्याला असता का?"

द्वारकाबाईंनी हे रागानं विचारलं नव्हतं. बिस्किटांची बशी पुढं सरकवत, समजुतीच्या सुरात विचारलं. म्हणूनच नकोशीला ते जास्त लागलं. तिनं हातातला कप खाली ठेवला.

इंदापुरातलं हे घर म्हणजे तिच्या लेकीचं, सुप्रियाचं सासर. सुप्रियाला पुन्हा दिवस गेले होते. पहिली मुलगी रेवा अजून धड उभी राहायला शिकली नव्हती. तिच्या वेळी सिझर झालं होतं, रक्त चढवावं लागलं होतं, आणि नंतर कित्येक दिवस सुप्रिया भिंतीकडं तोंड करून पडून असायची. आता कुठं ती माणसांत आली होती, पॅथॉलॉजी लॅबमधल्या कामावर पुन्हा जाऊ लागली होती. हे मूल नको, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. दीपक म्हणाला, "तू म्हणशील तसं. पण आईला तूच सांग." तिनं सांगितलं, आणि द्वारकाबाईंनी विहिणीला बोलावून घेतलं.

नकोशी बारामती आगारात वाहक होती. इंदापूरची गाडी तिच्या सवयीची. गाडीत कुणी भांडायला उठलं तरी तिचा आवाज चढत नसे. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव अरुणा ठेवलं, पण शाळेच्या दाखल्यावर, आणि म्हणून छातीवरच्या बिल्ल्यावरही, नकोशीच राहिलं. ती चौथी मुलगी. पुढचा मुलगा व्हावा म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. नवखे प्रवासी बिल्ला वाचून नजर वळवत. तिला आता त्याचं काही वाटत नसे.

वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. हळद लावता लावता मावशीनं तिला सांगून टाकलं होतं, की तू पोटात असताना भागूबाईनं, तुझ्या आईनं, कुणा वैदूकडची मुळी उगाळून घेतली होती. मूल पडलं नाही. नकोशीला आईचा चेहराही आठवत नव्हता, पण त्या दिवसापासून आईवरचा राग मात्र तिच्यापाशी होता. आणि आज तिची लेक तेच म्हणत होती.

"जो चोच देतो त्यो चाराबी देतो," द्वारकाबाई म्हणत होत्या. "आमाला काय इचारून लेकरं झाली? आन ह्या खेपेला पोरगा असला मंजी?"

"पोरगा आहे का पोरगी, ते मला माहीतबी करून घ्यायचं नाही, आत्या," सुप्रिया म्हणाली. "मला परत ते सगळं झेपायचं नाही. रेवा पाळण्यात रडत होती आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. तुम्ही पाहिलंय."

"बरं, न्हाय ना झेपत? मग हून दे आन घाल स्वरूपाच्या वटीत. तिची कूस रिकामी हाय. घरातलं घरात ऱ्हाईल."

स्वरूपा म्हणजे थोरली सून. ती रेवाला कडेवर घेऊन सैपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला खूप वर्षं झाली होती, पुण्यापर्यंतचे डॉक्टर झाले होते. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडं वळलेल्या पाहून तिनं पदर सारखा केला.

"आत्या, मला लेकरू पायजे, हे मी काय लपवून ठेवलेलं न्हाय," ती हळू म्हणाली. "पण हिनं रडत काढलेलं माझ्या वटीत नगं. हिच्या पोटाला माझं कारण लावू नगा."

खरं तर नकोशी निम्मी द्वारकाबाईंच्याच बाजूची होती. ती सुप्रियाला म्हणाली, "मीबी अशीच नको होते, सुप्रे."

सुप्रियानं आईकडं बघितलं. "आज्जी कशानं गेली, आई?"

"बाळंतपणात."

"तुझ्या?"

"माझ्या पाठच्या. पोरगाच झाला हुता. त्योबी राहिला न्हाय."

नकोशीला आपलंच बोलणं पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. आईला मी नको होते, एवढंच ती इतकी वर्षं धरून बसली होती. आईला त्या वेळी काय झेपत नव्हतं, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. ती द्वारकाबाईंकडं वळली.

"तुमी इचारलं त्ये खरं हाय. आईच्या मनासारखं झालं असतं तर मी नसते. चहा प्याले नसते, आन प्याले न्हाय ह्याचं दुखबी मला झालं नसतं. पर ती कदाचित असती. माझ्या तिघी बहिणींना आई असती. मला जगायला आवडतं, विहीणबाई. पर माझ्या जगण्याचा हवाला दिऊन माझ्या लेकीला बांधू नगा."

द्वारकाबाई उठून आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझी दोन लेकरं गेली, तवा मला कुणी इचारलं न्हवतं, पायजेत का म्हणून."

ठरल्या दिवशी नकोशीनं रजा टाकली. रेवाला स्वरूपाकडं ठेवून सुप्रिया सकाळच्या गाडीनं बारामतीला आली. दीपकही आला होता. दवाखान्यात नाव पुकारेपर्यंत तो औषधांच्या दुकानाशी घुटमळत राहिला. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि नकोशीला आणि दीपकला बाहेर थांबायला सांगितलं. "मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय. संमती हिची लागते, तुमची नाही."

नकोशी बाकड्यावर बसली. समोर एक म्हातारी टोपड्यातल्या नातवाला ऊन दाखवत होती. नकोशीला वाईट वाटत होतं. पण चूक होतेय असं वाटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं, ते तिला उमगेना. मुळी उगाळून घेणाऱ्या आपल्या आईच्या दाराशी असं कुणी बसलं असेल का, एवढंच मनात येत राहिलं. तिनं डोळे पुसले, आणि आत बोलावलं तेव्हा चपला काढून आत गेली.

दुपार कलल्यावर तिनं लेकीला रिक्षानं आपल्या घरी आणलं. सुप्रिया निजली होती, तोच इंदापूरहून स्वरूपा दारात आली. काखेत रेवा, हातात डबा.

"शेपूची भाजी हाय आन बाजरीची भाकरी," ती म्हणाली. "आत्यांनी केलीया. बोलल्या काय न्हायत. डबा भरला आन माझ्या हातात दिला."

आवाजानं सुप्रिया जागी झाली. उशीला टेकून तिनं दोन्ही हात पसरले. दिवसभर अंगावर न प्यालेली रेवा आईकडं झेपावली, पण एक मूठ स्वरूपाच्या मंगळसूत्रात अडकून राहिली. स्वरूपा वाकली. पोरीला दुखू नये म्हणून तिनं एकेक बोट हलकेच सोडवलं, शेवटचं करंगळीचं. मग रेवाला तिच्या आईच्या कुशीत नीट ठेवून ती मागं सरली, आणि कंबरेवरची पदराची चुरगळलेली घडी हातानं सारखी करत उभी राहिली.