गाडी निवेपर्यंत

दौलतरावांची जीप दर रविवारी तापायची, आणि तापायची ती एकाच ठिकाणी. बदलापूरहून निघाली की वांगणीपर्यंत शहाण्यासारखी यायची. तिथून आत वळलं की डांबर संपायचं आणि गोट्यांचा लाल चढ लागायचा. फोर व्हील टाकून पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं सरकायचं. पाड्याच्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघायची. समोर विठाबाईंचं घर होतं.

या जुन्या जीपचा रेडिएटर गार करणारा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन जोरात असलं तर पंखा जोरात, आणि गाडी रांगायला लागली की तोही पेंगायचा. म्हणजे नेमक्या चढावर, जिथं वारा हवा, तिथंच त्याचं अवसान गळायचं. दौलतरावांनी अंबरनाथच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल खात्यात जन्म काढला होता, त्यांना हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? कळत होतं. पण वर डोंगरावर त्यांची आंब्याची चार कलमं होती, ती काही त्यांच्यावाचून अडून बसलेली नव्हती, आणि घाई तर त्यांना बायको गेल्यापासून कसलीच नव्हती.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. गाडी निवेपर्यंत थांबावंच लागतं. तेवढा वेळ दौलतराव विठाबाईंच्या ओट्याच्या कडेला बसत. विठाबाई कळशी भरून आणून ठेवत आणि मग उंबऱ्यात बसून वाल सोलत. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा समर्थ सुरतेला कामाला होता. वालाला कीड लागली का, खिचडीच्या फोडणीत हिंग आधी की मोहरी आधी, असल्याच गोष्टी चालत. प्रेमबीम म्हणावं असं त्यात काही नव्हतं. किंवा असेलही, पण दौलतरावांनी त्याला नाव दिलं नव्हतं, आणि विठाबाईही त्यांना नुसतं 'जीपवाले' म्हणत.

समोरच्या अंगणात गोदूबाई बसलेली असे. पाड्यावर कोणाच्या दारी कोण आलं, किती वेळ बसलं, याचा हिशेब तिच्या डोळ्यांतून सुटत नसे. पण पाण्याला आलेल्या माणसाबद्दल ब्र काढायची तिचीही प्राज्ञा नव्हती. तिथली रीतच तशी होती. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि त्याबद्दल कोणी नावं ठेवायची नाहीत. दौलतरावांची अख्ख्या आठवड्याची बोलचाल त्या रीतीच्या आडोशाला उभी होती. बाकी सहा दिवस वॉचमनचा सलाम आणि टीव्ही. एकदा तर शुक्रवारी भाजीवाल्याशी बोलताना घसा बसलेला निघाला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दोन दिवसांपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

आणि या शहाण्या माणसानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. बंगळुरूच्या लेकीला, शलाकाला, फोनवर हौसेनं सांगून बसले की जीप कशी फुसफुसते. ती हसली नाही. "बाबा, डोंगरात एकटे अडकलात तर? एक तर इलेक्ट्रिक फॅन बसवून घ्या, नाहीतर गाडी विका. मी आले की गिऱ्हाईक बघते." शलाका बोलली की करते, आईवर गेली आहे. गाडी विकली तर रविवारच गेला. दौलतराव मुकाट्यानं उल्हासनगरला गेले.

कॅम्प पाचमधल्या गॅरेजात मेकॅनिक सनीनं जीपभोवती एक फेरी मारली. "अंकल, टेन्शनच नाय. पट्टेवाला पंखा काढून फेकू, रेडिएटरच्या मागे हा बॅटरीवाला टाकू. गाडी रांगू दे नायतर खडी राहू दे, हा स्वतःच हवा खेचणार. एकदम झकास!" दुपारपर्यंत त्यानं पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, पंखा कसला, वायरी ओढल्या, उष्णतेचा सेन्सर बसवला. इंजिन तापलं तसा पंखा घुर्र करून सुरू झाला. सनी फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत बाजूला गेला. दौलतरावांनी जुन्या सवयीनं वर्तमानपत्राचं पान जीपच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा हवा आत खेचत असता तर पान जाळीला चिकटलं असतं. ते उडून त्यांच्याच नाकावर आलं.

दोन वायरी उलटसुलट लागल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता, वारा आत घेण्याऐवजी बाहेर ढकलत होता.

दौलतरावांनी पानाची घडी केली आणि खिशात घातली. "कसं वाटलं, अंकल?" सनीनं परत येत विचारलं. "मस्त," दौलतराव म्हणाले. येताना मोरिवलीच्या रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली, तेव्हा त्यांना स्वतःशीच हसू आलं. शिवाय थोडी लाजही वाटली, कारण जन्मात त्यांनी एक वायर कधी चुकीची राहू दिली नव्हती.

रविवारी जीप वळणाच्या बरीच आधी उकळली. दौलतरावांनी "जरा दम धर बाई, आलंच," असं तिला चुचकारत कसंबसं ओट्यापर्यंत आणलं.

"नवा पंखा लावनार म्हनलावता ना? मंग?" विठाबाईंनी कळशी टेकवली.

"नवी सून आहे. रुळायला वेळ लागायचाच."

विठाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवशी गाडी निवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. निघताना त्यांनी सोललेल्या वालाची पुरचुंडी हातात दिली, "उसल करा, गूल घालाया विसरू नका," म्हणाल्या. दौलतरावांनी घरी उसळ केली, गूळ थोडा जास्तच पडला, आणि किती दिवसांनी ते जेवताना टीव्ही लावायचा विसरले.

रात्री शलाकानं विचारलं, "तापली का?" खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं एकदमच मोठ्या खोट्याला हात घालू नये. दौलतराव "तापली, पण थोडीशीच" एवढं म्हणाले, आणि तिथंच फसले. गॅरेजचा नंबर लेकीनं आधीच घेऊन ठेवला होता. बुधवारी सनी स्कूटरवरून बदलापुरात हजर! त्यानं बॉनेट उघडलं, कपाळावर हात मारला, दोन वायरींची अदलाबदल केली. जाळीसमोर कागद धरला तर तो जाळीला असा चिकटला की सोडवून घ्यावा लागला.

"सॉरी हां अंकल, माझी मिस्टेक. पण तुम्हाला कसं नाय कळलं? तुम्ही तर याच लाइनमधले ना?"

"वय झालं रे," दौलतराव म्हणाले.

पुढच्या रविवारी जीप चढाला लागली. काटा मधोमध. गोट्यांवर चाकं घसरली, जीप एकदा खड्ड्यात बसली आणि उठली, तरी काटा मधोमध. दौलतराव रस्त्यापेक्षा त्या काट्याकडेच बघत होते. वळण आलं. विठाबाई कळशी घेऊन ओट्यावर उभ्या होत्या, आवाज लांबूनच ऐकून बाहेर आल्या असाव्यात. दौलतरावांनी गाडी थांबवली, उतरले, बॉनेट उघडलं. आतून वाफेची रेघसुद्धा आली नाही.

विठाबाईंनी आत डोकावून पाहिलं. "वाफ नाय आज."

"नाही. पंखा नीट झाला."

"बरा झाला." कळशी अजून कमरेवरच होती. समोर गोदूबाईचा सुपातला हात थांबला होता. विठाबाईंनी एकदा तिकडे पाहिलं, मग दौलतरावांकडे, आणि आवाज उतरवून विचारलं, "मंग थांबलाव कशाला?"

त्या विचारण्यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, आणि उत्तर येईपर्यंत हलणार नव्हत्या. दौलतरावांना उत्तर येत होतं. ते इतकं सोपं होतं की शाळेतल्या पोरानंही दिलं असतं. पण गोदूबाई बघत होती, वय दिसत होतं, बॉनेट उगाच उघडं होतं. तोंडातून जे सुटलं ते भलतंच सुटलं.

"सवयीनं," ते म्हणाले.

विठाबाईंनी कळशी कमरेवरून उतरवली. "सवय कय, मोडते," म्हणाल्या. कळशीतलं पाणी त्यांनी कुंपणाजवळच्या वांग्यांना ओतलं, सगळं. "जावा मंग. ऊन चढायच्या आत वर पोचाल."

दौलतराव वर पोचले. इतक्या लवकर ते कधीच पोचले नव्हते. कलमांना आळी केली, वाळकी पानं गोळा केली, तरी दिवस हलेना. मग एका कलमापाशी उभं राहून ते मोठ्यानं म्हणाले, "तुमच्याशी बोलायला थांबलो." म्हटल्यावर कळलं की त्यात अवघड काहीच नव्हतं. येताना सांगून टाकायचं, गोदूबाई गेली खड्ड्यात, असं ठरवून ते उतरले.

उताराला गाडी भरभर आली. विठाबाई गोदूबाईच्या अंगणात बसल्या होत्या, दोघींमध्ये वालाचा ढीग होता. दौलतरावांनी ब्रेकवर पाय ठेवला. गोदूबाईनं मान वर केली. विठाबाईंनी केली नाही. वाल सोलणाऱ्या हातांचा वेग तेवढा वाढला. दौलतरावांनी पाय उचलला, आणि वळण मागे गेलं.

रात्री फोन आला.

"तापली का आज?"

"नाही."

"बघा! मी म्हटलं होतं ना? वाटेत काही त्रास?"

"काही नाही," दौलतराव म्हणाले. "आता कुठंच थांबावं लागत नाही."

"छान झालं बाबा," शलाका म्हणाली. तिची मीटिंग होती, तिनं फोन ठेवला.