भुरीच्या मागे

इस्त्रीवालीने गिऱ्हाइकाचा बूट उलटा धरला आणि काडीने तळ खरवडायला घेतला. गिऱ्हाईक टेबलाला धरून एका पायावर उभं होतं.

"मावशी, या बागेत कुत्र्यांना बंदी का नाही करत?"

"बंदी माणसांवर घाला. कुत्रं कुठे पिशवी घेऊन फिरणार?"

तिने बूट धुऊन दिला. पण त्या माणसाने शर्टांचा गठ्ठा उचलताना आधी हळूच वास घेतला. ते तिला लागलं. स्वच्छ कपड्यांवर पोट भरणाऱ्या बाईच्या टेबलासमोरच्या हिरवळीवर घाण, आणि तीही त्या आठवड्यात दुसऱ्यांदा.

संशय घ्यायला लांब जायचं नव्हतं. सकाळी त्या हिरवळीवर एकच कुत्री यायची, समोरच्या इमारतीतल्या घड्याळवाल्या काकांची भुरी. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून काकांचा सगळा दिवस भुरीभोवतीच फिरायचा. काकांच्या खिशातून पिशवी डोकावत असायची खरी. पण दाखवायचे दात वेगळे असतात, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इस्त्रीत निखारे लगेच भरले नाहीत. वाळत घातलेल्या चादरींआड उभी राहिली.

भुरी हिरवळीवर बसली, उठली. काकांनी पिशवी हातमोज्यासारखी चढवली, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकले आणि नीट मूठ भरून उचललं. पिशवी उलटवून गाठ मारली, कचऱ्याच्या डब्यात टाकली. चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं. पिशवीत माती आणि सुकी पानं गेली होती. घाण वीतभर बाजूला तशीच होती.

इस्त्रीवाली चादरींमागून बाहेर आली. शब्द ओठांवर तयार होते. काका तिच्या अगदी जवळून निघाले, तिच्याकडे न बघता. भुरीने तिला पाहून शेपटी हलवली तेव्हा कुठे ते थांबले.

"इस्त्रीवाली का गं?"

"हो काका."

"आज निखाऱ्यांचा वास नाही आला," एवढं म्हणून ते पुढे गेले.

भुरी दोरी ओढेल तसे वळत जाणाऱ्या काकांकडे ती बघत राहिली. मग कागदाचा तुकडा घेतला आणि गवतातलं स्वतःच उचललं.

दुपारी काकांची सून कपडे न्यायला आली. पिशवी भरली तरी जाईना.

"मावशी, खरं सांगा. ती घाण आमच्या भुरीचीच का? इमारतीत कुरबुर चाललीये. आता एक जरी तक्रार आली, तरी तिला लांब कुठेतरी देऊन टाकू म्हणतायत हे. मग बाबांनी दिवसभर करायचं काय?"

इस्त्रीवाली एकच कॉलर पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

"काका वाकून उचलतात. मी या डोळ्यांनी बघितलंय."

"बरं झालं बाई. आज यांच्या तोंडावर सांगते."

यात खोटं काहीच नव्हतं. तरी त्या दिवशी तिने जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला.

दुसऱ्या सकाळी इस्त्री पेटवून ती झाडू घेऊन हिरवळीवर गेली. भुरीचं उरकलं. काका वाकले, आणि हात भलतीकडेच गेला.

"काका, जरा डावीकडे."

हात थांबला. काका तसेच वाकून राहिले. भुरी एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग हात डावीकडे सरकला आणि बारीक स्क्रू उचलण्यात जन्म घालवलेली ती बोटं पिशवीसकट मिटली.

"सुनेला बोललीस?"

"तुम्ही उचलता, एवढंच बोलले."

"आणि बाकीचं?"

"ते तुमच्या घरचं. माझ्याकडे फक्त कपडे येतात." तिने झाडू दोनदा उगाच फिरवला. "पण रस्ता कसा ओलांडता हो?"

"ओलांडते भुरी. मी नुसता तिच्या मागून जातो."

"हे मला नका सांगू. सुनेला सांगा. समजूतदार आहे पोरगी. दुसऱ्याकडून कळलं तर तिला जास्त लागेल."

पिशवीला गाठ मारायला काकांनी बोटं नेली, आणि थांबले. पिशवी उघडीच धरून त्यांनी तिच्या आवाजाकडे तोंड केलं.

"आलं का गं सगळं?"

ती पुढे आली, वाकून पाहिलं.

"थोडं राहिलंय."

काका पुन्हा वाकले.