श्वासबाबांची बरणी

"अठ्ठावीस... एकोणतीस... तीस!" आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पन्नास माणसं बुडबुडे मोजत होती. पडदे ओढलेले. टेबलावर पाण्याने भरलेली काचेची बरणी, तिच्यात पाणवनस्पतीची फांदी आणि मागे श्वासबाबा.

"झाड माझा मंत्र ऐकतं आणि प्राण सोडतं!" बाबा गरजले. प्राण सोडणं म्हणजे मरणं, हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांनी आधीच पाण्यात ‘प्राणचूर्णा’ची चिमूट टाकली होती आणि ‘ज्ञानदीप’ म्हणून साधा टेबललॅम्प बरणीजवळ सरकवला होता.

पहिल्या रांगेत माझी ताई होती. ती शिवणकाम करते, लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी दिलेला पंप तिने तीन आठवड्यांपूर्वी बंद केला आणि बाबांची बरणी घरी आणली. तिच्यावर तोंड धरून शंभर बुडबुडे मोजले, की झाला एक डोस! आता तिच्या छातीतली शिट्टी मला मागच्या रांगेत ऐकू येत होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. घरी घसा फोडून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी उठले.

"बाबा, मंत्र चालू द्या. मी फक्त दिवा मागे घेते."

मिनिटाला तीसचे सात बुडबुडे झाले. बाबांनी आवाज चढवला. तरी सातच.

"नास्तिकाला पाहून प्राण घाबरला!"

मी दिवा जवळ आणला. पुन्हा तीस! मग घरून आणलेल्या, उकळून गार केलेल्या पाण्यात फांदी ठेवली. दिवा तेवढाच जवळ. बाबा ओरडून घामाघूम झाले, पण बुडबुडे थांबले ते थांबलेच. त्यात त्यांचं चूर्ण टाकलं आणि थोड्या वेळाने बुडबुडे पुन्हा सुरू.

"हे चूर्ण म्हणजे खायचा सोडा आहे," मी म्हणाले. "त्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो. तो, पाणी आणि उजेड वापरून पान अन्न बनवतं आणि ऑक्सिजन बाहेर टाकतं. उजेड कमी, तर काम मंद. पाणी उकळलं, की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो; मग दहा दिवे लावूनही काम ठप्प. पाणी फार तापलं तरी तेच. नववीची मुलं हा प्रयोग दरवर्षी करतात, मंत्राशिवाय!"

"पण ऑक्सिजन खरा ना?" वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं.

"खरा. पण या बरणीतला दिवसभराचा गोळा केला तरी ताईचा एक श्वास भरणार नाही."

तेवढ्यात ताईला जोरात धाप लागली. मी पर्समधला पंप तिच्या तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं.

"आधी का नाही सांगितलंस गं?"

कपाळ माझं! तीन आठवडे मी दुसरं काय करत होते? मागे काका बाबांना हळूच विचारत होते, "ढगाळ दिवसांत दोन बरण्या लागतील का हो?"

म्हणून चिडूनच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर मंत्र तसाच राहू द्या आणि एकेक वस्तू बदलून बघा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. त्या दिवशी पंप माझ्याजवळ होता म्हणून ताई वाचली.