आधी हो म्हणायचं

ओपलचा डोळा लागला तेव्हा कुठे व्हर्नेटाने श्वास सोडला. पोरीला दात येत होते. सकाळपासून ती आईच्या खांद्याला चिकटून किरकिरत होती आणि तिच्या लाळेने व्हर्नेटाच्या सदऱ्याची पार रया गेली होती. मोबाइल नुसता थरथरला तरी पोर दचकून उठे, म्हणून व्हर्नेटाने तो स्वयंपाकघरात बटाट्यांच्या टोपलीत, टॉवेलखाली पुरून ठेवला होता. अटलांटात सिनेमाचे स्टंट करून पोट भरणाऱ्या बाईने फोन असा पुरून ठेवू नये, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आईला कान दोन असले तरी ते दोन्ही एकाच खोलीत असतात.

ती दबक्या पावलांनी आली, टॉवेल उचलला. केसलरचा फोन येऊन गेला होता.

केसलर हा स्टंटमास्तर. कुणी कुठून पडायचं, कुणाला पाडायचं आणि त्यासाठी कुणाला बोलवायचं, हे तो ठरवी. जनेया रॉयस्टर या काळ्या नायिकेचा मोठा सिनेमा त्याच्याकडे होता आणि त्यात नायिका भल्या मोठ्या जिन्यावरून गडगडत खाली येते, ही बातमी व्हर्नेटाला होती. जिना म्हणजे तर तिचं माहेर. ती अशी गडगडत यायची की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा आणि हिच्या अंगावर ओरखडाही नसावा. पण पोट दिसायला लागल्यापासून तिला काम नव्हतं, आणि बाळ झाल्यावरही नव्हतं. अजून थोडे महिने गेले असते तर लोक तिचं नाव घेताना ‘होती’ म्हणायला लागले असते.

तिने लगेच फोन लावला.

“केसलर, व्हर्नेटा बोलतेय. तुझा फोन आला होता...”

“अगं हो. झालं ते काम. मिळालं कुणीतरी.”

“कोण मिळालं?”

“सगळ्यांना विचारलं मी. कुणी मोकळंच नाही. बाळ कसंय?”

“बाळ मजेत आहे. मिळालं कोण?”

“बोलू नंतर. इकडे सगळे खोळंबलेत.” फोन ठेवलासुद्धा.

व्हर्नेटा बटाट्यांकडे बघत उभी राहिली. गेलं तर गेलं, म्हणाली मनाशी. आपल्यातल्याच कुणा पोरीला मिळालं असेल. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. या वेळी लुएला होती. लुएला त्याच सिनेमात मेकअप करायची.

“ताई, बसलीयस का उभी?”

“बोल गं.”

“मला उद्यासाठी गडद तपकिरी रंग काढून ठेवायला सांगितलाय. चेहरा, मान आणि कोपरापर्यंत हात. जिन्याच्या प्रसंगाला.”

“जनेयाला कशाला एवढा रंग?”

“जनेयाला नाही. कर्स्टनला.”

कर्स्टन चांगली स्टंटवाली होती. उंची जनेयाएवढी, बांधा जनेयासारखा. फक्त गोरीपान, केस गव्हाच्या काडीसारखे.

ही रीत जुनी. काळ्या नायिकेच्या जागी पडायला गोरी बाई आणायची आणि तिला रंगवायचं. कॅमेरा लांब असतो, कोण बघतंय! जुन्या जमान्यातल्या स्टंटवाल्या मिस आयडेल तरुण होत्या तेव्हा हे राजरोस चाले. त्यांनी त्यावर भांडून भांडून शहरातल्या काळ्या स्टंटवाल्या बायकांची जूट बांधली, म्हणून आता राजरोस चालत नाही. आता त्याला निमित्त लागतं. शोधली, पण मिळाली नाही, असं म्हणता यावं लागतं.

“तू नाही म्हण ना,” व्हर्नेटा म्हणाली.

“म्हणते की. मग दुसरी कुणी रंगवेल तिला आणि मी घरी. मेकअपच्या त्या गाडीत काळी मी एकटी आहे, ताई. मी गेले तर उद्यापासून जनेयाच्या तोंडाला राख फासतील. आमचा रंग कालवता येतो का तिथे कुणाला?”

व्हर्नेटाने तो फोन ठेवला. तिने जोलांडाला फोन लावला. जोलांडा जुटीतली सगळ्यात तडफदार पोरगी. तीन गाड्यांवरून उडी मारायची आणि उतरल्यावर आधी नखं बघायची.

“तुला केसलरचा फोन आला होता?”

“आला ना!” जोलांडाच्या आवाजात नुसता आनंद. “मी सांगितलं त्याला, मला नाही जमायचं, व्हर्नेटाला घे. मिळालं ना काम? केक कधी?”

“तू मोकळी नव्हतीस?”

“मोकळी? अगं, मी घरात बसून पायाला तेल चोळतेय. पण जिना आहे म्हटल्यावर तुझाच ना तो. आणि बाळानंतरचं पहिलं काम. आपलं ठरलंय की.”

ठरलेलं होतं खरं. जुटीचे दोनच नियम, दोन्ही मिस आयडेलनी घालून दिलेले. एक, रिकाम्या तोंडाने ‘नाही’ म्हणायचं नाही; नाही म्हणताना आपल्यातल्या दुसरीचं नाव द्यायचं. आणि दुसरा, बाळंतिणीचं पहिलं काम कुणी खायचं नाही. मिस आयडेलना मुलगा झाला तेव्हा त्यांची जागा एका आठवड्यात भरली गेली होती आणि ती त्यांना परत कधी मिळाली नाही.

व्हर्नेटाने बाकीच्यांनाही फोन लावले. सगळ्यांचं तेच. केसलरने पाच जणींना विचारलं होतं आणि पाचही जणींनी मोठ्या प्रेमाने, कुणालाही न विचारता, एकच नाव सांगितलं होतं. एकीच्या घरी तर भाड्याचे वांधे होते, तरी ती म्हणाली, “तुझ्या तोंडचा घास मी कशी घेऊ?”

आणि तो घास त्या वेळी बटाट्यांच्या टोपलीत थरथरत होता.

दुपारी ती ओपलला घेऊन मिस आयडेलकडे गेली. मिस आयडेल अंगणाकडच्या ओट्यावर झुलत्या खुर्चीत चवळीच्या शेंगा सोलत होत्या. गुडघे दोन्ही नकली, पण बोटं अजून फुलपाखरासारखी. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

“पाचही जणींनी तुझं नाव घेतलं?”

“पाचही.”

“आणि मेल्याला ‘नाही’ तेवढं ऐकू आलं.” मग त्यांची बोटं थांबली. “मीच शिकवलं गं तुम्हाला हे. मला वाटलं, कुंपण घालतेय. फाटक उघडं ठेवलं मी.”

“असं नका म्हणू, मिस आयडेल.”

“मग कसं म्हणू? आण ती पोर इकडे. तू उद्या जा तिथे. तुला बघून तरी त्याची जीभ अडखळेल.”

जीभ वगैरे काही अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी लुएलाच्या ओळखीने व्हर्नेटा आत शिरली. मेकअपच्या गाडीत कर्स्टन मान ताठ करून बसली होती आणि लुएला तिच्या गळ्यावर स्पंज फिरवत होती. निम्मा गळा तपकिरी, निम्मा दुधासारखा. लुएलाने आरशातून व्हर्नेटाकडे पाहिलं आणि नजर स्पंजवर नेली.

“व्हर्नेटा,” कर्स्टन म्हणाली, “मला खरंच फार वाईट वाटतंय.”

“मग पूस की.”

“माझ्या हातात असतं तर...”

“तुझ्याच गळ्यावर आहे तो, बाई. आणखी कुणाच्या हातात असणार?”

कर्स्टनचे डोळे भरून आले. “रडू नका,” लुएला कोरडेपणाने म्हणाली. “रंग ओघळेल.”

केसलर जिन्यापाशी गाद्या लावून घेत होता. तो काही राक्षस नव्हता. ओपल जन्मली तेव्हा त्याने फुलं पाठवली होती.

“मी शोध घेतला, व्हर्नेटा. पाच जणींना विचारलं. पाचही जणी नाही म्हणाल्या. मी आणखी काय करायला हवं होतं?”

“त्या नाही म्हणाल्या नाहीत. माझं नाव सांगितलं त्यांनी.”

“म्हणून तुलाही फोन लावला. तू उचलला नाहीस.”

“पोरीला निजवत होते. लगेच उलट फोन केला होता.”

“तोवर ठरलं होतं.” त्याने हात पसरले. “वरच्यांनी विचारलं मला, कोणी काळी मिळत नाही का? मी खरं तेच सांगितलं. तुमच्याच बायकांना नको असेल तर माझ्यावर कशाला राग?”

हे तो मनापासून म्हणत होता. व्हर्नेटाला त्याचीच जास्त चीड आली. खोटारड्याशी भांडता येतं.

ती जनेयाकडे गेली. जनेया आपल्या खोलीत पाय वर घेऊन बसली होती. चोवीस-पंचवीसची पोर, पडद्यावर दिसते त्याहून लहान. तिने व्हर्नेटाला खुर्ची दिली, स्वतःच्या ताटातलं टरबूज पुढे केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“मला कालच कळलं,” ती म्हणाली. “ताई म्हणू का?”

“म्हण.”

“ताई, आल्या आल्या मी माझ्या केसांसाठी भांडले. त्यांच्या बाईने माझे केस विंचरताना इतके उपटले की मी रडले. मग दिव्यांसाठी भांडले, कारण रात्रीच्या प्रसंगात माझे नुसते दात दिसत होते. मग लुएलाला ठेवा म्हणून भांडले. आता सेटवर मला काय म्हणतात माहितीय? ‘महाराणी.’ पाठीमागे. हसत. मी यावरही भांडले तर पुढचा सिनेमा मिळणार नाही, आणि मी नाही तर तुमच्यातल्या कुणाला कुणाच्या जागी पडायला बोलावतील?”

व्हर्नेटाने टरबुजाची फोड हातात धरली होती, ती तशीच खाली ठेवली. पोरीचं म्हणणं खरं होतं. त्या दिवशी तिथे सगळ्यांचंच म्हणणं खरं होतं.

जिना सजवून तयार होता. कठडा पांढराशुभ्र. कर्स्टन जनेयाचा झगा घालून, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप घालून वर उभी राहिली. पडली मात्र छान. व्हर्नेटा मनातल्या मनात तिच्याबरोबर पडत होती: आता खांदा आत, आता हनुवटी छातीला, आता सोड. सोडायच्या आधी कर्स्टनने क्षणभर कठडा धरला, तसं ठरलेलंच होतं. आणि ती खाली पोहोचली तेव्हा सगळ्यांना दिसलं. पडता पडता हात घासून पांढऱ्या कठड्यावर वरपासून खालपर्यंत तपकिरी ओरखडे उमटले होते, आणि कर्स्टनच्या बोटांवर गुलाबी कातडं डोकावत होतं.

कुणी हसलं नाही. लुएला फडकं आणि बाटली घेऊन जिना चढली आणि वाकून, एकेक गज पुसायला लागली.

तिकडे कुजबूज झाली. मग केसलर व्हर्नेटाकडे आला.

“हे बघ, तू आहेसच इथे. दिग्दर्शकाला हात जवळून हवेत. कठडा धरतात, सुटतात, तेवढंच. बाकीचं कर्स्टनचं चालून जाईल. करशील?”

“नुसते हात?”

“नुसते हात.”

“नाही,” हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तो म्हणावा, आणि पाय आपटत निघून जावं. पण तिला दिसलं, की तो शब्द बाहेर पडला रे पडला की केसलर मागे वळून म्हणेल, ‘सहावीलाही विचारलं. तीही नाही म्हणाली.’ आणि पुन्हा ते खरंच असेल. हो म्हटलं तर त्या रंगवलेल्या बाईला आपल्याच हातांनी पुरं करायचं होतं. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी हातसुद्धा रंगवलेले असणार होते.

“करते,” ती म्हणाली.

तिने कठडा धरला. लुएलाने पुसलेलं लाकूड अजून ओलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, वा, किती जिवंत हात आहेत. व्हर्नेटाने ते सुटू दिले, पुन्हा धरले, पुन्हा सुटू दिले, त्यांना आवडेपर्यंत. जनेया दाराशी उभी राहून बघत होती आणि व्हर्नेटाने मान वर केल्यावर ती आत निघून गेली.

संध्याकाळी ओपलला घ्यायला ती मिस आयडेलकडे पोहोचली, तर ओट्यावर जोलांडा आणि बाकीच्या आधीच येऊन बसलेल्या. केक नव्हता. ओपल मिस आयडेलच्या मांडीवर चवळीची रिकामी शेंग चघळत होती. आईला बघताच तिने शेंग फेकली आणि आईचं बोट धरून नव्या दाताखाली दाबलं.

“बोल,” मिस आयडेल म्हणाल्या.

“यापुढे नाव द्यायचं नाही,” व्हर्नेटा म्हणाली. “फोन आला की आधी हो म्हणायचं. काम काय, कुणाचं, जमेल की नाही, काही नाही. आधी हो. मग आपापसात ठरवू कोण जाणार ते.”

“आणि बाळंतिणीचं पहिलं काम?” जोलांडाने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता. “ताई, मी काय वाईट केलं गं?”

“काहीच नाही. तू चांगलं केलंस. ते परवडत नाही आपल्याला, एवढंच.”

 मिस आयडेलचा स्वतःचा नियम त्यांच्याच ओट्यावर मोडला जात होता आणि त्या एप्रनवरची टरफलं झटकत होत्या. पुष्कळ वेळ झटकत होत्या.

त्यानंतर एका सकाळी ओपल दूध पिता पिता पेंगायला लागली होती. फोन आता टोपलीत नसे, व्हर्नेटाच्या कमरेशी असे. तो थरथरला, पोर दचकली, तोंडातून दूध सुटलं आणि तिने भोकाड पसरलं. तिला एका हाताने थोपटत व्हर्नेटाने दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

“हो. मोकळी आहे. येते.”

 पलीकडून मिस आयडेलचा आवाज आला, “अगं बाळा, मी आहे. कोण बोलतंय ते तरी विचारत जा.”

“विचारण्यात वेळ जातो, मिस आयडेल,” व्हर्नेटा म्हणाली आणि रडणाऱ्या पोरीला पुन्हा छातीशी घेतलं.