दोन्हीकडून

डॉक्टर चैतालींनी पायलच्या मानेमागचे चार-पाच केस कात्रीने कापले, काचेच्या पट्टीवर आडवे ठेवले आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पायल अजून वर्षाचीही नव्हती. तापाने पेंगुळून ती आईच्या खांद्यावर पडली होती. तिचं सगळं जावळ रुपेरी होतं.

"या, बघा," डॉक्टर म्हणाल्या.

कोमलने मुलीला नवऱ्याकडे, निलेशकडे दिलं आणि भिंगाला डोळा लावला. केस काळा नव्हता, पांढराही नव्हता. नितळ दोऱ्यात मधूनमधून काळ्या गुठळ्या अडकून बसल्या होत्या.

"रंग तयार होतो, पण पसरत नाही. याआधी घरात असं कुणी होतं?"

"सत्यम. माझा पहिला मुलगा," कोमल म्हणाली. "त्याचे केस असेच होते. चालायला लागायच्या आत गेला. ताप उतरलाच नाही."

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या सासूने, लीलाबाईंनी पदर सारखा केला. सत्यम जन्मला तेव्हा त्यांनी गडाच्या पायथ्याशी, तिकोणा पेठेत गावभर पेढे वाटले होते. गडावर जाणारी माणसं गाडी थांबवून त्याचा फोटो काढायची, तेव्हा त्या स्वतः त्याला पुढे धरायच्या. तो गेल्यावर मात्र त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "कोमलची कूसच नासकी." हे त्या पुढेही म्हणत राहिल्या, भाकरी थापताना, पाणी भरताना, आल्यागेल्यासमोर.

"तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

निलेश खाली बघत राहिला.

"लांबचं हाय," लीलाबाई म्हणाल्या.

"या माझ्या सख्ख्या आत्या आहेत," कोमल म्हणाली.

डॉक्टरांनी पायलचं आणि तिच्या आईबापाचं, तिघांचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हाही लीलाबाई हट्टाने सोबत आल्या. डॉक्टर सावकाश, साध्या शब्दांत बोलत होत्या. पेशीच्या आत इवल्या पिशव्या असतात. काहींत रंग, काहींत जंतू लागलेली पेशी मारायचं विष. पिशवीच्या आवरणावर एक प्रथिन बसतं आणि त्याच्या आधाराने ती पेशीच्या कडेला जाऊन आतला ऐवज बाहेर सोडते. पायलच्या अंगात ते प्रथिन बनत नव्हतं. पिशव्या भरत होत्या आणि मध्येच पडून राहत होत्या.

निलेश वराळ्याच्या एका कारखान्यात माल रवाना करायच्या कामावर होता. तो म्हणाला, "म्हणजे माल तयार हाय, पण डिस्पॅचच होत नाही."

"तसंच. म्हणून केसांना रंग नाही आणि म्हणूनच ताप हटत नाही. विष जंतू लागलेल्या पेशीपर्यंत पोचत नाही, तरी शरीर लढतच राहतं आणि शेवटी स्वतःचंच नुकसान करून घेतं."

"दोष कुणाचा पर?" लीलाबाईंनी विचारलं.

"दोष नाही, आजी. बिघाड दोन्हीकडून आला तरच मूल आजारी पडतं. एकाच बाजूने आला तर माणूस धडधाकट असतो, त्याला कळतही नाही. या दोघांत तो सारखाच आहे. एकाच घरातून उतरलेला दिसतोय. बहुधा तुमच्या माहेरून, कोमलच्या वडिलांकडून आणि तुमच्याकडून."

लीलाबाई उठून बाहेर गेल्या.

उपाय एकच होता, हाडांमधली मज्जा बदलण्याचा, आणि तोही पुण्याला. नात्यात लग्नं झालेल्या घरांत मज्जा जुळणारं माणूस मिळायची आशा थोडी जास्त असते, असं डॉक्टर म्हणाल्या. मावशी, मामा, काका, जो येईल त्याचं रक्त तपासायचं. कोमलने बाहेर येऊन लगेच माहेरी, सुदुंबऱ्याला धाकट्या बहिणीला फोन लावला.

"गुरुवारी येते," प्रेरणा म्हणाली. "त्यात काय विचारायचं?"

प्रेरणाचं लग्न लीलाबाईंच्या धाकट्या मुलाशी, प्रदीपशी ठरलं होतं. दोघी बहिणी एकाच घरात नांदतील, म्हणून कोमलचे वडील बाजीराव खूश होते. हॉल ठरला होता, शालू घेऊन झाला होता.

घरी आल्यावर कोमल सासूसमोर बसली.

"आत्या, प्रदीप भाऊजींचं आणि प्रेरणाचं पण रक्त तपासू या. लग्नाच्या आधी."

"माजं पोरगं काय रोगी हाय का?"

"डॉक्टर काय म्हणल्या, तुम्ही ऐकलंत ना."

"ऐकलं." लीलाबाई तांदूळ निवडत राहिल्या. "पुन्यांदा त्याचं नाव काढू नको."

दोन दिवस त्या कोमलशी बोलल्या नाहीत. बुधवारी सकाळी ओसरीवर बसून त्यांनी फोन लावला. स्पीकर चालू होता.

"बाजी, मी लीला बोलतीय. प्रेरणाचं आमाला जमायचं न्हाई. तुज्या पोरींच्यात दोष हाय. डाक्टरनं सांगितलंय."

पलीकडून बाजीराव म्हणाले, "आक्का, अगं तू याच घरातली न्हवं?"

"मी दिल्या घरची. माजी पोरं धडधाकट हायेत."

"कोमलला दे."

लीलाबाईंनी फोन पुढे केला. कोमलने निलेशकडे पाहिलं. तो कामावर निघाला होता. वाकून बुटाची नाडी बांधत होता, बांधून झालेली.

"काय गं, खरं हाय का हे?" बाजीरावांनी विचारलं.

दोन्हीकडून हाय, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की काय होईल, हे कोमलला ठाऊक होतं. आत्या रडेल, आबा विरघळतील. दोघांचं सारखंच म्हटल्यावर दोघं बहीणभाऊ होऊन देवावर भार टाकतील, आणि ठरल्या दिवशी प्रेरणा प्रदीपच्या गळ्यात माळ घालेल. मग तिच्याही कुशीत असंच मूल येऊ शकेल.

"व्हय, आबा," ती म्हणाली. "आपल्यातच हाय."

"मग आता प्रेरणाला कोण करून घेईल?"

फोन तिकडूनच बंद झाला. निलेश दारात क्षणभर थांबला आणि गाडी काढून निघून गेला. लीलाबाई उठल्या, आत जाऊन त्यांनी चुलीवर आधण ठेवलं.

"च्या घेतीस?" त्यांनी आतून विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता.

दिवसभर कोमल प्रेरणाला फोन लावत राहिली. एकटीला तरी खरं सांगावं, म्हणून. प्रेरणाने उचलला नाही.

गुरुवारी निलेशला सुट्टी मिळाली नाही. कोमल एकटीच पायलला घेऊन पुण्याला गेली. इस्पितळाच्या जिन्यावरून वर आली, तर रक्त घ्यायच्या खोलीबाहेर बाकावर प्रेरणा बसलेली होती. तिचे डोळे सुजले होते. डाव्या दंडावरची बाही वर केली होती आणि कोपराच्या खोबणीत कापूस धरला होता.

कोमल तिच्याशेजारी बसायला गेली.

"तिकडं बस," प्रेरणा म्हणाली. "मी पायलसाठी आलीय."

"प्रेरणा, ऐक तरी," कोमल समोरच्या बाकावर टेकत म्हणाली.

"लोक बोलले असते तर चाललं असतं, ताई. तू बोललीस." तिने कापूस काढून पाहिला, डब्यात टाकला आणि बाही खाली केली. "जुळलं तर आबांच्या फोनवर कळव."

पायलच्या कपाळाला हात लावून ती जिना उतरली. आतून पायलचं नाव पुकारलं, तशी कोमल उठली.